बोटीवरचा लांबकान्या

३ जुलै १९५१, मंगळवार

आईनं माळ्यावरून आजीची पेटी खाली काढली आणि माझ्या खाटेशी उघडी टाकून ठेवली. जायचं एक सप्टेंबरला, पण मी विसरू नये म्हणून आत्तापासून. उठताबसता पायाला लागते. आज नडगी सोलली.

पॅरिसला कुणी दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या घरी मोलकरीण. आई म्हणते, "गावातल्या अर्ध्या पोरी गेल्या, तुला काय शिंगं फुटलीत?"

मला शिंगं नकोत. मला बाबांच्या बोटीवर जायचंय. तारलीचं जाळं ओढायला. दंडात जोर आहे, पोहता येतं, आणि खाडीतला एकेक खडक तोंडपाठ आहे. लहानपणी बाबांनीच छोट्या होडीतून फिरवून दाखवलेत. पण आमच्या पोर-ग्वेन गावात बोटीवर तीन गोष्टी चढत नाहीत: पाद्री, बाई आणि लांब कानांचा.

लांब कानांचा म्हणजे ससा. बोटीवर कुणी नाव जरी काढलं तरी बाबांच्या बोटीवरचे म्हातारे फांशकाका लोखंडाला हात लावतात आणि बोट धक्क्याला परत आणतात. घरातही कुणी म्हणत नाही. पण वही म्हणजे काही बोट नाही. ससा ससा ससा. घ्या.

बाबांना आज परत विचारलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग पाईपकडे. पुढं काही नाही. या माणसाला बोलायला कुणी कर लावलाय का?


६ जुलै

सिनेमावाले आले पॅरिसहून. ट्रक, दिवे, वायरी, छत्र्या. हसवायचा सिनेमा काढणार म्हणे, समुद्रकाठच्या गावात सुट्टीला आलेल्या माणसाचा. मुख्य साहेबांचं नाव फोंतानेल. हसवायचा सिनेमा काढणाऱ्या माणसाचं तोंड असं, की आत्ताच कुणाला तरी पुरून आलाय. हसणारे दुसरेच, गास्पार नावाचे. जाडे, सिनेमातले हीरो. ते सारखे हसतात आणि सारखे खातात. खेकडा कसा फोडायचा ते मी त्यांना शिकवलं. चुकीचं शिकवलं. शर्टाचा सत्यानाश झाला, तरी हसले. अशा माणसाची खोडी काढण्यात काय मजा?


८ जुलै

काही नाही. गिरेगनं माझ्या सायकलची साखळी बसवून दिली. मी सांगितलं नव्हतं. हा बाबांच्या बोटीवरचा तरणा गडी, आणि जिथं बघावं तिथं माझ्या पायात पायात.


९ जुलै

आज मात्र पोट दुखेपर्यंत हसले. सकाळी फोंतानेलसाहेबांनी धक्क्यावर कॅमेरा लावला, बोटी पाण्यावर डुलतायत असं अर्धं चित्र घेतलं आणि जेवायला गेले. पॅरिसवाल्यांचं जेवण म्हणजे लग्नाची पंगत. परत येतात तो समोर नुसता चिखल, त्यात बोटी कुशीवर पडलेल्या.

साहेब ओरडले, "समुद्र कुठं गेला?"

फांशकाका धक्क्यावर जाळं विणत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "जेवायला."

"परत कधी येणार?"

"तुमच्यासारखाच. सावकाश."

फांशकाका आमच्या आजोबांच्या वेळेपासून बोटीवर आहेत. जीभ अशी चालते म्हणून मला ते आवडतात. तीच जीभ मला सांगते, "ज्या दिवशी परकर वर चढेल, त्या दिवशी फांश खाली उतरेल." म्हणून आवडत नाहीत.


१३ जुलै

गावात आग लागलीय. सिनेमात एक प्रसंग आहे म्हणे: गास्पारसाहेब मासेमारीच्या बोटीवर बसून फिरायला निघतात, बरोबर टोपली. टोपली उघडतात, आतून ससा. आणि सगळे कोळी भराभर समुद्रात उड्या मारतात.

त्यासाठी फोंतानेलसाहेबांना बोट हवीय. गुत्त्यात जाऊन त्यांनी तो शब्द मोठ्यानं उच्चारला. एक माणूस पेला तसाच टाकून बाहेर गेला. दुसऱ्यानं चुलीचा लोखंडी चिमटा जो धरला तो सोडेचना. फांशकाका उठून उभे राहिले. "साहेब, तुमच्या आईला बोटीवर न्या, पाद्र्याला न्या, पाद्र्याच्या आईला न्या. पण तो नाही."

"अहो, सिनेमा आहे. खोटं खोटं."

"त्याचे कान खरे असतात."

मी दारातून ओरडले, "मांजराला कान लावा की! मांजर तर बोटीवर चालतं."

सगळे माझ्याकडं वळले. मग वाद. मांजराला लांब कान लावले तर ते मांजर की तो? तासभर भांडले. शेवटी फांशकाकांनी निकाल दिला: जे उंदीर खातं ते मांजर, कान काही का असेनात.

आणि मग, मला अजून खरं वाटत नाही, बाबा बोलले. म्हणाले, "माझी बोट घ्या."

फोंतानेलसाहेबांनी माझ्याकडं हात करून विचारलं, "मांजर ही सांभाळेल?" म्हणजे मला बोटीवर चढावं लागणार. फांशकाकांचं तोंड उघडलं, पण बाबाच म्हणाले, "त्या दिवशी जाळी उतरवून ठेवू. जाळी नाही तर ती मासेमारीची बोट नाही. नुसत्या फळ्या. फळ्यांवर बाई चालते."

फांशकाकांनी यावर विचार केला. जाळ्याशिवाय बोट नाही हे त्यांचंच म्हणणं, मोडता येईना. "फळ्यांवर चालते," म्हणाले. "एक दिवस."

एक दिवस! एका दिवसात मी काय करू, फळ्या मोजू?


१७ जुलै

मांजर म्हणजे तारलीचे डबे भरायच्या कारखान्यातला राखाडी बोका, 'जनरल'. एक कान फाटका, तो लांब कानाखाली झाकला जाईल. कान आईनं शिवले, डोक्यावर घालायच्या जुन्या उंच टोपीचं कापड कापून, कडक खळ देऊन. आई शिवताना म्हणाली, "या टोपीत माझं लग्न लागलं." आणि हसली. मला वाटलं रडेल.

जनरलला कान आवडत नाहीत. मला ओरबाडलं, मग कान ओरबाडले, मग परत मला. गिरेग आला, "मी धरू का?" म्हटलं, तू नको. तरी धरलं. त्यालाही ओरबाडलं. तेवढंच बरं वाटलं.


२० जुलै

सिनेमा म्हणजे काय ते कळलं. एकच गोष्ट माणूस मरेपर्यंत करायची. गास्पारसाहेब दिवसभर एकाच खुर्चीवरून पडले. फोंतानेलसाहेब म्हणतात, "पुन्हा." पडले. "पुन्हा." खुर्ची कंटाळली, साहेब नाहीत.

मग मी दुपारी फोंतानेलसाहेबांच्या खुर्चीवर खेकडा ठेवला. जिवंत, चांगला रागीट. साहेब बसले. उठले. खेकडा मागं लोंबतोय. हूं नाही की चूं नाही. मागं हात घालून खेकडा सोडवला, मला शोधून काढलं आणि म्हणाले, "छान. उद्या हेच परत कर, मी कॅमेरा लावतो. पण डावीकडून ये."

आता डावीकडून येऊन कसली खोडी! ज्याची काढायची त्यानंच वेळ ठरवली तर ती खोडी नव्हे, नोकरी झाली. त्यांनी विचारलं, "आणखी काय काय केलंयस?" मी सांगितलं. चर्चबाहेरचे सगळे लाकडी बूट दोरीनं एकमेकांना बांधलेले, शाळेत सिस्टरच्या पेटीत जिवंत बाम मासळी सोडलेली, ज्यापायी माझी शाळा सुटली. ते मान डोलावत, काहीतरी खरडत. एकदाही हसले नाहीत. हा माणूस कसली कामं करतो कुणास ठाऊक. नुसता रिकामा बसून लोकांच्या गोष्टी ऐकतो.


२३ जुलै

परवा तो बोटीचा प्रसंग.

सुचलं मला. लिहूनच टाकते. सुचणार नाही ती मी कसली? टोपलीत जनरलच्या जागी खराखुरा ससा. सोआज आत्याकडं शेतावर खुराडंभर आहेत, एक उचलायला कितीसा वेळ लागतो? फांशकाकांचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी चादर तोंडात कोंबून हसले.

मग पुढचं सुचलं. फांशकाका त्या बोटीवर परत पाय ठेवणार नाहीत. दुसरं कुणी येणार नाही. बाबा आणि गिरेग, दोघांना जाळं ओढवत नाही, तीन माणसं लागतातच. बोट धक्क्याला कुजणार. बाबा कुठं जाणार? डबे भरायला?

म्हणून नाही करणार. आयुष्यात पहिल्यांदा एवढी सोन्यासारखी खोडी मी हातची सोडली. दाढ उपटल्यासारखं वाटतंय. आणि कुणाला सांगताही येत नाही, की बघा, मी केलं नाही.


२४ जुलै

बाबा सायकल काढून सोआज आत्याकडं गेले, खुराड्याचं दार दुरुस्त करायला. सख्खी बहीण, पण आजोबांच्या घड्याळावरून भांडण झाल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचं काही खरं नाही. आले तर मनगटावर लाल ओरखडे. म्हटलं, हे काय? "काटेरी झुडूप." आत्याकडं झुडूप आहे हे मला नवीनच.

जेवताना विचारलं, "मांजर कुठल्या टोपलीत असणार?" म्हटलं, झाकणाच्या, दोन कड्यांच्या. "हं." आणि मग म्हणाले, "उद्या सुकाणूपाशी बस. तिथून तुला मांजर नीट दिसेल." बाबांच्या तोंडून इतकी वाक्यं एका जेवणात! त्यांनाही सिनेमाची हवा लागली वाटतं.


२५ जुलै

आधी सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी मी स्वतः जनरलला कान बांधून टोपलीत घातलं आणि टोपली धक्क्यावरच्या जाळ्यांच्या खोलीत ठेवली. मग कपडे बदलायला घरी गेले. परत आले तेव्हा टोपली बोटीवर होतीच. बाबांनी आणून ठेवली होती. आत गुपचूप. म्हटलं, बोका झोपला, देव पावला.

बोट कुठं आणायची हे बाबांनी साहेबांना सांगितलेलं. "तिथं उजेड चांगला." धक्क्याच्या टोकापलीकडं, वाळूच्या उंचवट्यापाशी. कॅमेरा धक्क्यावर. बोटीवर बाबा, फांशकाका, गिरेग, टोपली मांडीवर घेतलेले गास्पारसाहेब, आणि मागं सुकाणूपाशी मी, ताडपत्रीखाली. आज फक्त टोपली उघडायची होती, उड्या दुसऱ्या दिवशी घेणार होते. फोंतानेलसाहेबांनी हात हलवला. गास्पारसाहेबांनी झाकण उघडलं.

ससा. राखाडी, मोठा, खरा. त्यानं सावकाश नाक हलवलं आणि फांशकाकांकडं बघितलं.

फांशकाका ओरडलेसुद्धा नाहीत. सत्तरीच्या माणसानं अशी उडी मारलेली मी बघितली नव्हती. थेट पाण्यात. त्यांना पोहता येत नाही! मी ताडपत्री फेकून पुढच्या टोकाला धावले. बोटीवर बाबाही नाहीत. गिरेगही नाही. बघते तो फांशकाका पाण्यात उभे, कमरेपर्यंत, हात वर करून देवाचा धावा करतायत. बाबा बाजूला, त्यांचा दंड धरून. गिरेग पलीकडं उंचवट्यावर चारी पायांवर पाणी ओकतोय. खाली वाळू.

पण बोट कुठं वाळूवर थांबते? ओहोटी लागलेली, इंजिन धडधडतंय, आणि आमची 'स्तेरेन' बोट तोंड फिरवून सरळ निघाली तीन सिस्टरांकडं. तीन सिस्टर म्हणजे ते तीन काळे खडक. त्यांनी आजवर बऱ्याच जणांना वर पोहोचवलंय. बोटीवर मी, ससा आणि गास्पारसाहेब. साहेब म्हणाले, "हे लिहिलेलं नव्हतं," आणि पहिल्यांदाच हसायचे थांबले.

मी मागं सुकाणूकडं धावले ती डोलकाठीपाशी कुणाच्या तरी लाकडी बुटांना अडखळून पडले. बाबांचे. जोडीनं, व्यवस्थित ठेवलेले, वाटेत! शिव्या घातल्या. सुकाणू धरलं. दोन सिस्टरांमधून वाट आहे, पण ओहोटीला ती एका बोटीपुरतीच, आणि डावीकडं पाण्याखाली खडकाचा दात आहे. तो दात मला माहीत. बाबा म्हणायचे, दात टाळायचा तर सिस्टरचा खांदा घासत जा. घासत गेले. रंग खरवडला. फळी नाही.

बाहेर आले, वळवली, धक्क्याला लावली. शाळेतल्या सिस्टरांपेक्षा या बऱ्या.

धक्क्यावर सगळे ओले. फोंतानेलसाहेब कोरडे, आणि रडतायत. आनंदानं. बाबा पायरीवर अनवाणी बसून पाईप ओढत होते. त्यांची तंबाखूसुद्धा भिजली नव्हती. एकेकाचं नशीब.

मग फांशकाका माझ्याकडं वळले. "कार्टे," म्हणाले, "तू."

मी? मी!


२६ जुलै

मी केलं नाही. मी केलं नाही. मी केलं नाही.

आईला सांगितलं. "हो का," म्हणाली आणि पेटीत आणखी एक एप्रन घातला. पाद्रीबाबांना सांगितलं. म्हणाले, मुली, कबुली देताना आधी पाप सांगायचं असतं. सोआज आत्या धावत आली, तिचा एक ससा गायब. "चोरटे! आणि त्याचं नवं कोरं दार लावून घेण्याएवढी अक्कल तुला!" आयुष्यभर मी केलं आणि म्हटलं मी नाही, तेव्हा लोक म्हणायचे, असेल बुवा. आता खरंच नाही, तर कुत्रं विचारत नाही.

जनरल जाळ्यांच्या खोलीतच सापडला. कानासकट, गाढ झोपलेला, पुढं बाबांच्या वाडग्यात तारलीची डोकी. बाहेरून कडी. म्हणजे कुणीतरी त्याला काढून वर खाऊही घातलं. वाडगा बाबांचा, म्हणजे चोर बोटीवर येणंजाणं असलेलाच. फोंतानेलसाहेब असतील, नाहीतर गिरेग.

गिरेगला गाठलं. म्हणतो, "मी उडी मारलीच नाही, नोलवेन! तू बोटीवर असताना मी कशाला उतरेन? तुझ्या बाबांनी ढकललं मला."

लाज वाटत नाही. भ्यायलास तर भ्यायलास म्हण. बाबांवर कशाला ढकलतोस?


३ ऑगस्ट

सिनेमावाले गेले. जाताना फोंतानेलसाहेबांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "मादमोझेल, तुमच्यासारखी माणसं खूप काम करतात." काम! सगळा दिवस मी बोका धरून बसलेली, हे त्यांना काम दिसलं. गास्पारसाहेबांनी ससा मागून घेतला. पॅरिसला नेला. पॅरिसला जायची हौस असणारं कुणीतरी निघालं.

फांशकाका दुसऱ्या बोटीवर जातात. 'स्तेरेन' धक्क्याला. बाबा रोज सकाळी तिच्यावर जातात, फळ्या पुसतात, परत येतात. चिडत नाहीत, ओरडत नाहीत. मला एक थोबाडीत तरी मारा म्हणावं. ते नुसते विचारतात, "सिस्टरांमध्ये किती पाणी होतं?" सांगितलं. "हं."


१५ ऑगस्ट

समुद्राचा सण. सगळ्या बोटींना फुलं. पाद्रीबाबांनी धक्क्यावर उभं राहून पाणी शिंपडलं, आमच्या बोटीवर दोनदा. मला वाटलं, आता सुटलो.

फांशकाका म्हणाले, "पवित्र पाणी सैतानाला लागू पडतं. त्याला नाही."

"का?"

"सैतान नियम पाळतो."

मी त्यांच्या पुढ्यातला केक उचलून खाल्ला. तोही बेचव होता.


२४ ऑगस्ट

तारली आली. खाडीच्या तोंडाशी पाणी उकळतंय, पक्षी वेडे झालेत. सगळ्या बोटी भरून येतात, कारखान्याचा भोंगा दिवसातून कितीदा तरी वाजतो. आईही तिथं डबे भरते, तिच्या अंगाला तेलाचा वास. आमची एकटी बोट धक्क्याला, गाईसारखी रवंथ करत. बाबांनी घरोघरी जाऊन विचारलं. तिसरा माणूस द्या. कुणी नाही. एकानं तर दारच उघडलं नाही, खिडकीतून बूट दाखवला.

पेटी भरली. झाकण लागत नव्हतं, आई त्यावर बसली.


२७ ऑगस्ट

गुत्त्यात बसले होते सगळे. मी कोपऱ्यात, आता पॅरिसला जाणार तर शेवटचंच म्हणून बाबांनी बरोबर नेलेलं. बाबांनी फांशकाकांसमोर पेला ठेवला. म्हणाले, "फांश, तुला यातलं कळतं. एक सांग."

"सांगतो."

"ज्या बोटीवर लांबकान्या चढला, ती बोट गेलीच ना?"

"गेली."

"आणखी जाऊ शकते?"

फांशकाकांनी मिशी चावली. "गेलेली आणखी कुठं जाणार?"

"मग त्या बोटीवर समज पाद्री चढला तर?"

"काय फरक पडतो? नागड्याला चोराचं काय भय!"

"आणि बाई?"

फांशकाकांनी माझ्याकडं बघितलं, मग बाबांकडं, मग पेल्यात.

"बाईचंही तेच," ते शेवटी म्हणाले. चिडून म्हणाले, पण नियम तो नियम. "जी बोट त्यानं बिघडवली, तिचं बाई आणखी काय बिघडवणार? चढू दे. वाटलं तर हत्ती चढव."

बाबांनी मान डोलावली. पेला संपवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भरती पहाटेची आहे. लोकरीचे मोजे घाल."

एवढंच! दोन महिने मी यांच्यामागं रडतेय, आणि एका म्हाताऱ्याला दारू पाजून प्रश्न सुटला. हे आधी नाही सुचलं यांना?


२८ ऑगस्ट

हाताची सालं निघाली. पाठ मोडली. गिरेग सारखा "मी ओढतो, तू राहू दे" म्हणत होता, त्याच्या तोंडावर तारली फेकून मारली. ती त्यानं जपून खिशात घातली. मूर्ख.

बोट काठोकाठ. सगळ्यांत जास्त आमची. धक्क्यावर फांशकाका उभे होते, मासे बघून म्हणाले, "विचित्र आहे," आणि गेले.

आई तिघांचं जेवण घेऊन आलेली. घरी येऊन बघते तर पेटी माळ्यावर. तिथं नेहमीच असल्यासारखी. आईला विचारलं तर म्हणते, "कुठली पेटी?"


१८ मे १९५२, रविवार

किती दिवसांनी वही सापडली. जाळ्यांच्या खोलीत होती, खवले चिकटलेली. पण आज लिहायलाच हवं, नाहीतर रागानं झोप येणार नाही.

सिनेमा आला. पाद्रीबाबांनी चर्चच्या हॉलमध्ये चादर बांधून दाखवला. अख्खं गाव हजर. खेकडा निघाला, चर्चबाहेर बांधलेले बूट निघाले, सिस्टरच्या पेटीतली बामसुद्धा. सगळ्या माझ्या खोड्या! आणि नाव कुणाचं, तर फोंतानेलचं. लोक हसून हसून बाकांवरून खाली.

मग आमची बोट. फांशकाका उठून उभेच राहिले. "आता बघा, आता माझी उडी बघा." उडी आली. त्यांनी ती परत दाखवायला लावली. पाद्रीबाबांनी परत दाखवली. तरी म्हणाले, "पुन्हा." फोंतानेलची लागण झालीय. मग मी सिस्टरांमधून बोट काढते ते आलं, आणि फांशकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगदी आजोबांवर गेलीय." हे चांगलं झालं. राग त्याचा नाही.

राग याचा: दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा मी नीट बघितलं. गास्पारसाहेब टोपली मांडीवर घेऊन बसलेत. झाकण बंद. मागं डोलकाठीपाशी, कोपऱ्यात, बाबा. बाबा शांतपणे लाकडी बूट काढतात. जोडीनं ठेवतात. तंबाखूची पिशवी खिशातून काढून टोपीत घालतात, टोपी डोक्यावर घट्ट बसवतात. पाण्याकडं बघतात. गिरेगच्या पाठीमागं जाऊन उभे राहतात. आणि त्यानंतर, *त्यानंतर* गास्पारसाहेब झाकण उघडतात आणि ससा निघतो!

म्हणजे तुकडे उलटे जोडले. ससा दिसायच्या आधीच माणूस उडीची तयारी कशाला करेल? एवढे ट्रक, एवढ्या वायरी, खुर्चीवरून पडायला दिवसभर "पुन्हा पुन्हा", आणि जोडताना डोळे कुठं होते?

गिरेग माझी बाही ओढत "बघ, बघितलंस?" करत होता. म्हटलं, बघितलं, आंधळी नाही. चुकीचं जोडलंय. तो माझ्याकडं बघत राहिला, मग बाबांकडं, आणि तोंड मिटलं. आई रुमाल तोंडाशी धरून गदागदा हलत होती. तिला सिनेमा इतका आवडेल असं वाटलं नव्हतं.

घरी येताना बाबांना सांगितलं. सगळं, बूट, तंबाखू, झाकण. म्हटलं, फोंतानेलला कळवायला हवं.

बाबांना खोकला आला. इतका, की भिंतीला हात धरून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी. मग म्हणाले, "जाऊ दे, पोरी. सिनेमावाल्यांना काय कळतंय."

पण जाऊ कसं देऊ? इतकी ढोबळ चूक, आणि अख्ख्या गावात ती दिसली फक्त मला.